सूटकेसमधली कोंबडी

इवोन मॅडमनी दारातूनच विचारलं, "मुलीची सूटकेस कुठंय?" आणि रोसाल्बा म्हणाली, "तिच्यात कोंबडी बसलीय."

"बसलीय म्हणजे?"

"म्हणजे अंड्यांवर बसलीय, मॅडम. नऊ दिवस झाले. अजून बारा दिवस तिला उठवता येणार नाही. सरकारी काम असलं तरी."

मॅडम हसल्या नाहीत. दीड तास बसमध्ये हिंदकळत सोगामोसो शहरातल्या दत्तक-कचेरीतून या तळ्याकाठच्या गावात यायचं, कांद्याच्या वाफ्यांतला चिखल बुटांना फासून घ्यायचा, आणि वर हे ऐकायचं. त्यांच्या गळ्यात एकतीस मुलं होती. सगळी कुणाकुणाच्या घरी सांभाळायला ठेवलेली, आणि सगळी कायमच्या आईबापांची वाट बघणारी. त्या एकतीसांत दहा वर्षांची युरानीही होती.

त्या स्वतः खुराड्यापर्यंत गेल्या. गुलाबी सूटकेस भिंतीला टेकून उघडी पडली होती. आत पेंढा, पेंढ्यात एक तांबडी कोंबडी. तिनं मॅडमकडे अशा नजरेनं पाहिलं की मॅडम दोन पावलं मागे आल्या.

"सरकारी वस्तू आहे ती, रोसाल्बाबाई."

"दिली मुलीला. मुलीनं दिली कोंबडीला. आता तुम्ही कोंबडीशी बोला."

रोसाल्बा एकसष्ट वर्षांची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकोणीस वर्षं ती अशी मुलं सांभाळत होती. चौदा मुलं तिच्या हातांखालून वाढून गेली, आणि प्रत्येक वेळी तिनं आठवडाभर कुणाशी धड बोलणं टाकलं. सांभाळणाऱ्या बाईला ते मूल दत्तक मागता येत नाही, असा तिथला नियम. न्हाऊमाखू घालायचं, दुखण्याखुपण्यात उशाशी बसायचं, पण माझं म्हणायचं नाही. युरानीसाठी तिनं एकदा विचारून पाहिलं होतं. नियमात बसत नाही, आणि तुमचं वयही झालंय, असं उत्तर आलं. म्हणजे एका दगडानं भागलं असतं तिथं त्यांनी दोन मारले.

त्या गुलाबी सूटकेसची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. नव्या आईबापांकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला कचेरीतून एक नवी कोरी सूटकेस मिळते. त्या वेळी राजधानीतलं, बोगोताचं एक जोडपं ठरलं होतं. त्यांचा फोटो दोन महिने आधीच आला. तो भिंतीवर लावायचा आणि रोज झोपताना मुलीकडून म्हणवून घ्यायचं, "गुड नाइट आई, गुड नाइट बाबा." म्हणजे मुलाला सवय होते, अशी कचेरीची रीत. रोसाल्बानं ती इमानेइतबारे पाळली. मुलगी विसरली तर अंथरुणातून उठवून म्हणायला लावलं. भेटीच्या दिवशी कचेरीत फुगे लावले होते. युरानी शिकवल्याप्रमाणे पळत गेली आणि त्या अनोळखी बाईच्या कमरेला मिठी मारून पहिल्याच मिनिटाला "आई" म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाच आठवडे. पाच आठवड्यांनी एका सकाळी रोसाल्बा अंगणात कांद्याच्या जुड्या बांधत होती, तेव्हा गल्लीतल्या दगडांवरून चाकांची खडखड ऐकू आली. पुढं इवोन मॅडम, मागं आपली सूटकेस आपणच ओढत येणारी आठ वर्षांची युरानी. ती आली, मोरीवर जाऊन हात धुतले आणि कांद्याची पहिली जुडी बांधायला घेतली. संध्याकाळी रोसाल्बानं सूटकेस उघडली तर आत कपडे इस्त्री करून, घडीला घडी लावून ठेवलेले. पोर परत करताना त्या बाईला कपड्यांना इस्त्री करायला वेळ मिळाला होता. याचा राग रोसाल्बाला आजतागायत आहे.

कागदावर लिहिलं होतं, "जुळून आलं नाही." मुलगी उशीखाली भाकरीचे तुकडे लपवते, गादीला वास मारतो, विचारलं तर चावते. एवढंच. युरानीनं भिंतीवरचा फोटो स्वतः काढून चुलीत घातला आणि सूटकेस खुराड्यात नेऊन टाकली. रोसाल्बानं तिला अडवलं नाही. आपण रोज रात्री त्या पोरीच्या तोंडात कुणाचं नाव कोंबत होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

आता पुन्हा एक जोडपं आलं होतं. इटलीच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातलं. बाई लुइसेला, शाळेची बस चालवायची. नवरा एत्सिओ, सुतार. त्यांनी युरानीची फाइल निवडली होती आणि आता शेवटचा शिक्का तेवढा राहिला होता. त्याआधी मुलीनं त्यांना स्वागताचा व्हिडिओ पाठवायचा, हाही रिवाजच. मजकूर छापील. मॅडमनी पिशवीतून कागद काढला.

"'प्रिय आई, प्रिय बाबा, मी तुमची वाट बघते आहे. माझं तुमच्यावर खूप प्रेम आहे.' चल युरानी, खिडकीपाशी उभी राहा. केस मागं घे. छान हसायचं हं."

युरानीनं गुळाच्या गरम पाण्यातला चीजचा तुकडा चमच्यानं वर काढला, लांबवर ताणला, तोंडात टाकला. सावकाश चावला. मग म्हणाली, "मी यांना ओळखत नाही."

"ओळख होईल ना गं."

"झाली की मग म्हणीन."

"अगं, नुसतं वाचायचंय. दोन ओळी."

"मग तुम्हीच वाचा. तुमचा आवाज पण गोड आहे."

रोसाल्बाला हसू आलं. ते तिनं पदरात लपवावं तसं आपल्या अंगावरच्या लोकरी रुआनात लपवलं. मॅडमचा पारा चढला. त्यांनी रोसाल्बाला अंगणात बोलावलं.

"तुम्ही हसताय, पण मी सांगते ते ऐका. पोरगी दहा पूर्ण झाली. आता हे जोडपं गेलं तर तिची फाइल दुसऱ्या कपाटात जाते. मोठ्या मुलांच्या. आठ वर्षं मी इथं आहे, त्या कपाटातून बाहेर पडलेल्या फाइली मी दोन बघितल्या. दोन! त्या माणसांना अशी तोंडाळ मुलगी दाखवली तर ते घाबरतील आणि दुसरं मूल मागतील. मला लिहावं लागेल, मुलगी तयार नाही. ते लिहू मी?"

रोसाल्बानं अंगणात सांडलेला कांदा उचलला.

"रविवारपर्यंत तुमच्या फोनवर काढून पाठवा. नीट. आणि त्या कोंबडीला दुसरीकडे बसवा." बसची वेळ झाली होती म्हणून मॅडम चिखल तुडवत निघून गेल्या.

बाई वाईट नव्हती. एकतीस मुलांचं ओझं असलेली कुठलीही बाई अशीच बोलली असती. पण दुसऱ्या कपाटाचं नाव ऐकल्यापासून रोसाल्बाचा जीव थाऱ्यावर नव्हता. अठरा पूर्ण झाली की अशा पोरींना एक दिवस दाराबाहेर काढतात आणि म्हणतात, जा आता. कुठं जा? तोवर आपण असू का? तिनं तीन दिवस युरानीला गोंजारून पाहिलं, धमकावून पाहिलं, तळलेला ट्राउट मासा खाऊ घालून पाहिलं.

"म्हण ना बाई. खोटं खोटं म्हण. माझ्यासाठी."

"मागच्या वेळी पण तुझ्यासाठीच म्हटलं होतं," युरानी माशाचा काटा काढत म्हणाली. "तू उठवून उठवून म्हणायला लावलंस. मग मी खरंच म्हणायला लागले. तू का नाही सांगितलंस मला की ते खोटं असू शकतं?"

रोसाल्बा उठली आणि थेट शेतात गेली. अंधार पडेपर्यंत कांदे उपटत राहिली. तळ्यावरचा वारा कानात शिरत होता, आणि तिला स्वतःची इतकी चीड आली होती की दोन वाफे ठरल्यापेक्षा जास्त निघाले. एकोणीस वर्षं आपण कचेरीचं ऐकलं. नियम म्हणून रडलो नाही, नियम म्हणून निरोपाला कचेरीत गेलो नाही, नियम म्हणून पोरीला पढवलं. नियम करणाऱ्यांच्या अंगणात ती चाकं कधी वाजली होती का?

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ती म्हणाली, "चल, व्हिडिओ काढू. कागद चुलीत टाक. तुला जे बोलायचंय ते बोल."

"खरंच? काहीही?"

"शिव्या नको देऊ. बाकी काहीही."

युरानीनं जागा निवडली ती खुराड्यासमोरची. केस मागं घेतले नाहीत. हसलीही नाही. रोसाल्बानं फोन दोन्ही हातांत धरला.

"माझं नाव युरानी. ही माझी मावशी नाही, पण मी तिला मावशी म्हणते. मी तुम्हाला आई-बाबा म्हणणार नाही. एकदा म्हटलं होतं दुसऱ्यांना, ते फुकट गेलं. मी उशीखाली खाणं लपवते. अजून लपवते, भूक नसली तरी. मावशी रागवत नाही, फक्त सोमवारी साफ करते. मला कुणी मागून धरलं तर मी चावते. मला गणित येतं. तीस जुड्या मी मावशीच्या आधी बांधते. ही सूटकेस. ही घेऊन मी गेले आणि हीच घेऊन परत आले, म्हणून ही आता कोंबडीची आहे. मी सूटकेस घेऊन येणार नाही. माझं सामान कांद्याच्या पोत्यात मावतं. आणि मला फुगे नकोत. न्यायचं असेल तर इथं घरी या, माझी मावशी बघा, मग न्या. मी आवडले नाही तर आधी मला सांगायचं. मॅडमना नाही. मला." ती थांबली. "संपलं. बंद कर, मावशी."

रोसाल्बानं टेकाडावर चढून, जिथं फोनला रेंज येते त्या चर्चच्या पायरीवर उभं राहून ते मॅडमना पाठवलं. पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

"रोसाल्बाबाई, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? हे मी पाठवू शकत नाही!"

"मग मी येते," रोसाल्बा म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी पहाटेची बस धरून ती कचेरी उघडायच्या आधीच दारात हजर झाली. मांडीवर कांद्याची एक भली मोठी जुडी. बाकावर बसली ती बसलीच. दहा वाजता मॅडम म्हणाल्या, कामात आहे. बारा वाजता म्हणाल्या, जेवायला जातेय. दोन वाजेपर्यंत सगळ्या कचेरीला कांद्याचा वास सुटला आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून डोळे पुसू लागला. शेवटी मॅडमनी तिला आत घेतलं.

"तुम्हाला पोरगी सोडवत नाही, म्हणून हे सगळं चाललंय," मॅडमनी घाव घातला. "ते नाही म्हणाले की ती तुमच्याकडेच राहील. खरं ना?"

रोसाल्बाला तो वार बसला. त्यात खरं अजिबात नव्हतं असं नाही.

"सोडवत नाही, हो," ती म्हणाली. "काळीज तुटतं माझं. पण मॅडम, तुम्ही गोड मुलगी दाखवाल, ते गोड मुलगी न्यायला येतील आणि घरी गेल्यावर उशीखाली भाकरी सापडेल. मग? पुन्हा चाकं वाजवत कोण येणार? तुम्ही तर बसनं निघून जाता. या पोरीला दुसऱ्यांदा परत आणलं तर ती कांदे बांधायला बसणार नाही, ती तळ्याकडे जाईल. घाबरणारी माणसं असतील तर आत्ता घाबरू देत. तिकडे, त्यांच्या घरात बसून. माझ्या पोरीसमोर नको."

ती 'माझी पोरगी' म्हणाली. नियमात बसत नव्हतं. मॅडमनी ते ऐकलं आणि कागद इकडचे तिकडे केले.

"नकार आला तर मी लिहीन की हे तुमच्या सांगण्यावरून झालं."

"लिहा. माझं पूर्ण नाव लिहा. रोसाल्बा चापारो बिउदा दे पेसका. स्पेलिंग सांगू?"

मॅडमनी तिच्यासमोरच तो व्हिडिओ पाठवला. रोसाल्बानं कांदे टेबलावर ठेवले आणि ती निघाली. बसमध्ये मात्र, आपण पोरीचं नशीब सुधारलं की स्वतःच्या हातानं त्याला चूड लावली, तिला कळेना.

आठ दिवस काही आलं नाही. युरानी विचारत नव्हती, पण फोन खिशात घालून टेकाडावर शेळीला चरायला तीच नेऊ लागली, आणि शेळीला चर्चपाशीच गवत आवडतं असं सांगू लागली. मॅडम येऊन गेल्याच्या बाराव्या दिवशी सूटकेसमध्ये पिल्लं निघाली, सात. त्याच दुपारी ती टेकाडावरून धावत खाली आली. धापा टाकत तिनं फोन रोसाल्बाच्या हातात दिला.

"तू आधी बघ. वाईट असेल तर मला सांग."

"नाही. दोघी बघू."

स्वयंपाकघरातलं टेबल. जाडजूड बाई, डोळ्यांवर चष्मा, हातात वही. शेजारी एक टकला माणूस, घाबरलेला. बाईनं वहीत बघून मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये वाचलं.

"युरानी. मी लुइसेला. हा एत्सिओ. नावानं हाक मार. आम्हीसुद्धा तुला मुलगी म्हणणार नाही, तू सांगेपर्यंत. तुझा व्हिडिओ आम्ही चार वेळा बघितला. भीती वाटली. म्हणून आठ दिवस लागले. उशीखाली ठेवलंस तर मुंग्या होतात, म्हणून झाकणाचा डबा आणू. तो तुझा. आम्ही उघडणार नाही. सोमवारी तूच साफ करायचा. मागून कुणी धरणार नाही. आम्ही घरी येऊ. आणि..." इथं तिनं वही बाजूला ठेवली. "काही बिनसलं तर तुला सांगू. आधी तुला. मग आपण तिघं भांडू."

टकल्या माणसानं घसा खाकरून एकच वाक्य म्हटलं, बहुतेक पाठ केलेलं, "मला पण गणित येत नाही, तू शिकव."

"'पण' काय?" युरानी म्हणाली. "मला येतं म्हटलं ना मी! लक्ष देऊन ऐकलं नाही यानं." आणि तिनं तो व्हिडिओ पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा लावला.

साडेतीन महिन्यांनी ते आले. मॅडमनी भेट कचेरीतच व्हावी म्हणून शेवटपर्यंत घासाघीस केली, पण लुइसेलानं पत्रामागून पत्र पाठवून त्यांना वाकवलं. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, पुढं रस्ताच नव्हता. मॅडम पुढं आल्या, हातात नवी कोरी जांभळी सूटकेस. रिवाज तो रिवाज. दगडांवरून चाकांची खडखड झाली आणि युरानी आणि रोसाल्बा, दोघींचेही जुड्या बांधणारे हात आपोआप थांबले.

कुणी धावलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लुइसेला अंगणात चार हातांवर उभी राहिली, मिठी मारायला पुढं झाली नाही. हात मात्र कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. तिनं पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला, बिस्किटांचा, झाकणावर डोंगराचं चित्र. युरानीनं तो घेतला, उघडला, रिकामा आहे याची खात्री केली. मग आत जाऊन अर्धी मक्याची भाकरी आणली, सगळ्यांसमोर डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. लुइसेलानं मान दुसरीकडे वळवली. उघडणार नाही म्हटलं होतं, मग बघायचं तरी कसं!

सूप झालं, बटाटे झाले. एत्सिओनं खुराड्याचं निखळलेलं दार बघितलं आणि कुणी न सांगता ठोकून दिलं. मग लुइसेला खुराड्यापाशी गेली. गुलाबी सूटकेसमध्ये आता दुसरी कोंबडी होती.

"हीच ती सूटकेस?" तिनं विचारलं.

"हीच," युरानी म्हणाली. "ही परत येते."

लुइसेलानं थोडा वेळ त्या कोंबडीकडे पाहिलं. मग ती मागं फिरली, मॅडमच्या पायाशी ठेवलेली जांभळी सूटकेस उचलली. ओढली नाही, उचलली. आणि आणून गुलाबीच्या शेजारी ठेवली.

"तुमच्याकडे कोंबड्या किती?" तिनं रोसाल्बाला विचारलं.

"सोळा."

"मग एक पुरणार नाही. हीसुद्धा ठेवा. आम्हाला लागणार नाही."

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. सरकारी वस्तू होती ती.

कांद्याचं पोतं एत्सिओनं खांद्यावर घेतलं. सांभाळणाऱ्या बाईनं निरोप घरातच द्यायचा, रस्त्यापर्यंत यायचं नाही आणि मुलासमोर रडायचं नाही, हा नियम रोसाल्बानं प्रत्येक वेळी पाळला होता. आज ती रुआना अंगावर घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाली. जीपपाशी युरानीनं तिच्या पोटात डोकं खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग वर बघून ओरडली, "मावशी, रडतेस काय? नियम आहे ना!"

"नियम गेला खड्ड्यात!" रोसाल्बा म्हणाली, आणि मॅडमसमोर, जीपवाल्यासमोर, अख्ख्या गल्लीसमोर मोठ्यानं रडली.

जीप तळ्याच्या वळणाआड गेली. रोसाल्बा घरी आली, नाक पुसलं, नवऱ्याच्या हत्यारांतली पक्कड शोधली. खुराड्यात जाऊन तिनं जांभळी सूटकेस आडवी केली आणि तिची दोन्ही चाकं मुळापासून उपटून काढली. मग आत पेंढा पसरला.